ब्रेकमास्तरांचं प्रेशर

ब्रेकमास्तरांबद्दल लिहा, असं खुद्द त्यांनीच मला सांगितलं. अट एकच घातली, "पोट जरा कमी दाखवा." ती मी मान्य केलेली नाही.

माझं औषधांचं दुकान आहे. सतरा वर्षं काउंटरमागे उभी आहे. दुकान माझंच असल्यामुळे मला कोणी 'बसा' म्हणत नाही. समोर चौक, चौकात सिग्नल आणि सिग्नलच्या पलीकडे एक ड्रायव्हिंग स्कूल. ब्रेकमास्तर तिथे शिकवायचे. शिकवायच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक असतो. त्या ब्रेकवर पाय ठेवून या माणसाने एकतीस वर्षं काढली, म्हणून हे नाव. त्यांची उजवी पोटरी डावीपेक्षा जाड आहे. कोणी विचारलं नाही तरी ते पँट वर करून दाखवतात. दुकानात, बँकेत, एकदा तर कुणाच्या तरी साखरपुड्यातसुद्धा.

माणूस ठेंगणा, गोल आणि खणखणीत आवाजाचा. "क्लच! क्लच! अहो, क्लच म्हणजे डावा पाय! तुमचा डावा, माझा नव्हे!" ही आरोळी रस्त्यावरून आली की समजायचं, दहा वाजले. त्यामुळे त्यांचा घसा कायम बसलेला आणि मान कायम आखडलेली. माझ्याकडे ते दोनच गोष्टींसाठी यायचे, घशाच्या गोळ्या आणि मानेचं मलम. त्यातही मलम लावून वर गप्पा ठोकायचे. एका बाई चौक आला की डोळे मिटून घेतात, हे त्यांनी मला साभिनय करून दाखवलं होतं.

माझ्या दुकानाच्या मागच्या भागात पूर्वी रिकामी खोकी असायची. तिथे आता प्लायवूडची एक छोटी केबिन आहे. दोन खुर्च्या, टेबल, बीपी मोजायचं मशीन आणि एक स्क्रीन. डॉक्टर दूर कुठेतरी बसतात आणि स्क्रीनवर दिसतात. मी बीपी मोजते, ते आकडे बघतात, पेशंटशी बोलतात, गोळी लिहून पाठवतात आणि मी ती देते. ज्यांचे आकडे डळमळीत असतात त्यांना घरी न्यायला एक छोटं मशीन देते. ते घरच्या मोबाईलला जोडलेलं असतं. घरी दंडाला पट्टा बांधून बटण दाबलं की आकडा माझ्या फोनवर आणि डॉक्टरांच्या स्क्रीनवर हजर. मशीन हुशार आहे. दंड कोणाचा आहे तेवढं मात्र त्याला कळत नाही.

एका मंगळवारी मास्तर मलम न्यायला आले, तर चेहरा लालबुंद.

"मास्तर, आत या. बीपी बघू."

"मला काय झालंय?"

"तेच बघू."

बीपी मोजताना पाठ टेकायची, पाय जमिनीला लावायचे, दंड टेबलावर ठेवायचा आणि आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पहिल्या तीन गोष्टी मास्तरांना जमल्या. पाच मिनिटांत त्यांनी मला दोन किस्से सांगितले आणि बाहेर हॉर्न वाजला की दर वेळी त्यांचा उजवा पाय फरशीवर दाबला जायचा. फरशी थांबलेलीच होती. शेवटी मी डोळे वटारल्यावर गप्प झाले.

एकशे अडुसष्ट, एकशे दोन.

"तुमच्या मशीनचा क्लच गेलाय," मास्तर म्हणाले.

दुसऱ्यांदा मोजलं. एकशे चौसष्ट, शंभर. मग मी तोच पट्टा माझ्या दंडाला बांधला. एकशे सोळा, चौऱ्याहत्तर.

"आता सांगा, कोणाचा क्लच गेलाय?"

मास्तरांनी केबिनच्या दाराकडे बघितलं. मी स्क्रीन लावली. डॉक्टर वयाने माझ्या भाच्याएवढे, पण कामाला चोख. त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं.

"आवाज येतोय का?"

"येतोय," मास्तर म्हणाले, "पण तुम्ही काय सांगणार त्यावर आहे."

डॉक्टरांनी सांगितलं, एका दिवसाच्या आकड्यावर गोळी सुरू करायची नाही. मशीन घरी न्या, सात दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, मग ठरवू. मास्तरांनी मशीन काखेत मारलं आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा आला, एकशे सत्तर, शंभर. त्यानंतर आलेला एकही आकडा मास्तरांचा नव्हता. पण हे मला चार महिन्यांनी कळलं.

झालं होतं असं. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये दरवर्षी एक तब्येतीचा फॉर्म भरून द्यावा लागतो. मास्तरांच्या आधी तिथे एक रिव्हर्समास्तर होते, गाडी मागे घ्यायला शिकवण्यात वाकबगार. त्यांना एका वर्षी बीपी निघालं आणि मालकांनी त्यांना गाडीवरून उतरवून टेबलावर बसवलं. तेव्हापासून ते कात्रीने लोकांचे फोटो कापून अर्जांवर चिकटवतात. ब्रेकमास्तर रोज काचेतून ते बघायचे. "जिवंत माणसाने दिवसभर डिंक लावत बसायचं," असं म्हणताना त्यांच्या अंगावर खरोखर काटा यायचा.

तर त्या सकाळी एकशे सत्तर बघून मास्तरांनी आकडा पुसायचं बटण शोधलं. तसं बटण नसतं. मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं, तर समोर बायको.

वहिनी घरीच शिवणकाम करतात. कपडे ढिले करणं, आवळणं, चेन बदलणं. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी शिलाई मशीन, त्याच्या बाजूला लोकांच्या पँटींचा ढीग. त्या ढिगातून मास्तरांची स्वतःची उसवलेली पँट सहा-सहा महिने वर येत नाही.

"अगं, जरा दंड दे," मास्तर म्हणाले. "मशीन सेट करायला दुसरा दंड लागतो."

वहिनींनी मला नंतर सांगितलं, "ताई, मला एक अक्षर पटलं नव्हतं. यांना खोटं बोलताना डोकं खाजवायची सवय आहे, तेव्हा दोन्ही हातांनी खाजवत होते. पण दिवसातून दोनदा पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं आणि तेवढ्या वेळात कोणी काही मागायचं नाही, म्हटल्यावर मी कशाला वाद घालू? माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. एवढी सवलत पहिल्यांदाच मिळत होती."

आठवड्याची सरासरी निघाली, एकशे वीस, शहात्तर. पहिल्या दिवसाचे आकडे हिशेबात धरत नाहीत, त्यामुळे तो एकशे सत्तर आपोआप गळला. डॉक्टर म्हणाले, "काही लोकांचं प्रेशर दवाखान्यात गेलं की चढतं, घरी छान असतं. याला पांढऱ्या कोटाचं प्रेशर म्हणतात."

मास्तरांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी फुलाफुलांच्या ड्रेसमध्ये. मग स्क्रीनकडे. डॉक्टर चौकडीच्या शर्टात. "कोट कोणाचा म्हणायचा?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघंही हसलो. हसायला नको होतं. मशीन आकड्यांबरोबर नाडीचे ठोकेही पाठवतं. दुकानात मास्तरांचे ठोके चौऱ्याण्णव होते आणि घरी अडुसष्ट. एवढा फरक माझ्या नाकासमोर पडला होता आणि मी कौतुकाने दुसरीकडे बघत होते.

गोळी नाही, फक्त मशीन घरी ठेवा आणि अधूनमधून मोजत राहा, असं ठरलं. पुढचे तीन महिने मास्तर माझे आदर्श पेशंट होते. त्यांचा फोनवरचा आलेख मी इतरांना दाखवायचे. "बघा, मास्तरांकडून शिका." मास्तर शेजारी विनयाने मान खाली घालून उभे. "काही नाही हो, मन शांत ठेवायचं," असा उपदेश त्यांनी माझ्यासमोर निदान दहा जणांना केला. एका हातात खाऱ्या दाण्यांची पुडी, दुसरा हात रस्त्याकडे, कारण रस्त्यावरच्या एका शिकाऊ माणसाला ते तेवढ्यात "अहो, आरसा बघा!" म्हणून ओरडत होते.

चौथ्या महिन्यात आलेख वर सरकायला लागला. एकशे छत्तीस. मग एकशे चव्वेचाळीस. मग एकशे बावन्न. डॉक्टरांनी मास्तरांना केबिनमध्ये बोलावलं आणि एक गोळी सुरू केली. मास्तरांचा चेहरा उतरला. मला वाटलं, गोळीमुळे. गोळ्यांची पट्टी त्यांनी निमूटपणे खिशात टाकली.

तीन आठवडे झाले, आकडा ढिम्म हलेना.

"गोळी रोज घेताय ना?" मी विचारलं.

"घड्याळ लावून," मास्तर म्हणाले आणि डोकं खाजवलं. मला तेव्हा त्या खाजवण्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

डॉक्टरांनी गोळीची ताकद वाढवली. ती पट्टीही गेली शिकवायच्या गाडीच्या पुढच्या कप्प्यात, पहिल्या पट्टीच्या सोबतीला. ती गोळी त्यांनी स्वतःही घेतली नाही आणि वहिनींनाही दिली नाही. याबद्दल मी आजही त्यांना शंभरातले दहा मार्क देते. विचार मनात आला होता, हे त्यांनी कबूल केलं. "आकडे तिचे, तर गोळीही तिचीच असं वाटलं. पण ताई, बायकोला गुपचूप औषध द्यायचं म्हणजे शिकाऊ माणसाला न सांगता त्याचं स्टिअरिंग फिरवल्यासारखं. ते मी कधीच करत नाही. ओरडतो, पण फिरवत नाही."

त्याच सुमारास ते एकदा दुकानात येऊन बराच वेळ घुटमळले. गिऱ्हाइकं ओसरल्यावर काउंटरवर वाकून म्हणाले, "ताई, समजा, शिवणकाम करणारी एखादी बाई आहे. समजा, तिचं बीपी एकदम वाढलं. कशाने वाढत असेल?"

मी गोळ्या मोजत होते. मान वर न करता म्हणाले, "बाईंना पाठवून द्या, बघते."

मास्तर घशाच्या गोळ्या घेऊन निघून गेले. त्या दिवशी मी मान वर केली असती तर.

पुढच्या बुधवारी, सव्वाअकरा वाजता, सिग्नलला शिकवायची गाडी बंद पडली. मागे हॉर्नचा गोंधळ. आत एक घामाघूम गृहस्थ चावी फिरवतायत आणि शेजारी मास्तर खिडकीतून अर्धे बाहेर येऊन मागच्या गाडीवाल्यांना म्हणतायत, "तुम्ही काय पोटातून शिकून आलात का?" मी दिसल्यावर त्यांनी मला हात केला. मीही हात केला. तेवढ्यात काउंटरवर माझा फोन वाजला.

ब्रेकमास्तर. एकशे छप्पन, चौऱ्याण्णव. ठोके सत्तर.

मी फोनकडे बघितलं. गाडीकडे बघितलं. मास्तरांचा एक हात खिडकीबाहेर होता, दुसरा स्टिअरिंगवर. पट्टा दोन्हीपैकी एकाही दंडाला नव्हता. आणि त्या क्षणी या माणसाचे ठोके सत्तर असतील, तर मी आजपासून दुकान बंद करून भाजी विकायला बसते, असं मी मोठ्याने म्हणाले. समोरचं गिऱ्हाईक दचकलं.

मी त्यांच्या घरी फोन लावला.

"वहिनी, मास्तर आहेत का?"

"ते गाडीवर गेलेत. सकाळीच."

"मग आत्ता मशीन कोणाच्या दंडाला होतं?"

"माझ्याच की," वहिनी म्हणाल्या. "रोजच असतं. सेट झालं नाही का अजून?"

मी स्टुलावर बसले. सतरा वर्षांत काउंटरमागे पहिल्यांदा. मग विचारलं, "वहिनी, तुम्हाला काही त्रास होतो का? डोकं दुखतं?"

"डोकं दुखतं सकाळी. पण ते यांच्यामुळे."

"कुठली औषधं घेता?"

"कुठलीच नाही." मग जरा थांबून, "गुडघ्याची तेवढी. शिलाई मशीन चालवून गुडघा धरतो. माझ्या बहिणीने तिच्याकडच्या दुखण्याच्या गोळ्या पाठवल्यात. सकाळ-संध्याकाळ घेते. दोन महिने होतील. फार गुणकारी आहेत हो."

"वहिनी, त्या गोळ्या घ्या आणि आत्ता दुकानात या. पँटी राहू देत."

वहिनी अर्ध्या तासात आल्या, गळ्यात शिवणाची टेप तशीच. बीपी एकशे अठ्ठावन्न, चौऱ्याण्णव. गोळ्या बघितल्या. दुखणं थांबवणाऱ्या काही गोळ्या रोज घेत राहिलं की प्रेशर चढवतात. त्यातल्याच या होत्या. मी डॉक्टरांना स्क्रीनवर घेतलं आणि सिग्नलपलीकडे निरोप पाठवला, मास्तरांना म्हणावं असाल तसे या.

मास्तर आले, केबिनच्या दारात थबकले. आत बायको, समोर मशीन, स्क्रीनवर डॉक्टर.

"आवाज येतोय का?" डॉक्टरांनी विचारलं.

मास्तरांनी दोन्ही हात डोक्याला नेले.

मग सगळं बाहेर आलं. फॉर्म, रिव्हर्समास्तर, डिंक, दुसरा दंड, गाडीच्या कप्प्यातल्या दोन पट्ट्या. डॉक्टर ऐकत होते, ऐकता ऐकता त्यांचं तोंड उघडलं आणि नेमकं तेव्हाच नेट अडकलं. दोन मिनिटं आम्ही तिघं त्या उघड्या तोंडाकडे बघत बसलो. तेवढ्यात मी मास्तरांना पट्टा बांधला. एकशे अठ्ठ्याहत्तर, एकशे सहा. खुद्द मास्तरांचा आकडा, चार महिन्यांनी.

वहिनींनी गळ्यातली टेप काढून टेबलावर ठेवली. मग बोलल्या.

"घर तुमच्या नावावर. विजेचं बिल तुमच्या नावावर. पोरीच्या शाळेत कायम तुमचंच नाव. माझं म्हणून एक प्रेशर वाढलं, तर तेही तुमच्या नावावर?"

"अगं, मला काय माहीत तुझं वाढेल..."

"आकडे वर चढताना दिसत होते ना? रोज बघत होतात ना?"

मास्तर गप्प. त्या केबिनमध्ये पाच मिनिटं सलग गप्प बसण्याचा त्यांचा हा पहिलाच प्रसंग. मग अगदी हळू म्हणाले, "घाबरलो होतो. आधी नोकरीसाठी. मग तुझ्यासाठी. सांगायला जावं तर पहिलं खोटं आधी सांगावं लागत होतं."

"मग सांगायचं," वहिनी म्हणाल्या. "मी काय तुम्हाला नापास करणार होते?"

डॉक्टरांचं तोंड हललं. नेट आलं. त्यांनी आधी मास्तरांना छातीत दुखतं का, चक्कर येते का, सगळं विचारलं. तसं काही नव्हतं. मग त्यांनी जे सुनावलं ते मी इथे लिहीत नाही, कारण भाचा मामाला असं बोलत नाही. मास्तरांनी दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात प्रत्यक्ष जाऊन रक्त-लघवी तपासून घ्यायची, छातीची पट्टी म्हणजे ईसीजी काढायचा, गोळी पहिल्यापासून सुरू करायची आणि डॉक्टर सांगेपर्यंत गाडीत बसायचं नाही. वहिनींच्या त्या गुणकारी गोळ्या बंद, गुडघ्याला वरून लावायचं मलम आणि पायाचे तीन व्यायाम.

घरी न्यायला मी आणखी एक मशीन दिलं. एकावर लिहिलं 'मास्तर', दुसऱ्यावर 'वहिनी'. आणि वहिनींना सांगितलं, मास्तर मोजताना समोर बसायचं आणि दंड ओळखायचा. "ओळखते," त्या म्हणाल्या. "सगळ्या बाह्या मीच ढिल्या केल्यात."

वहिनींचा आकडा तीन आठवड्यांत एकशे अठ्ठावीसवर आला. त्यांना गोळी लागलीच नाही. मास्तरांना मात्र दोन प्रकारच्या गोळ्या लागल्या, खारे दाणे सुटले आणि आकडा एकशे चौतीसवर यायला पाच महिने गेले. मधे पाय सुजले म्हणून एक गोळी बदलावी लागली. तेव्हा ते आठवडाभर दोन्ही पोटऱ्या सारख्याच झाल्या म्हणून हळहळत होते.

राहिला फॉर्म. तो मी मागवून घेतला आणि मास्तरांसमोर वाचला. त्यात एवढंच विचारलं होतं, बीपी असल्यास उपचार सुरू आहेत का आणि ते आटोक्यात आहे का. मास्तरांचा विश्वास बसेना. तो कागद घेऊन ते तसेच मालकांकडे गेले. मालकांनी ड्रॉवर उघडला आणि स्वतःच्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी टेबलावर टाकली.

"मग रिव्हर्समास्तरांना का उतरवलंत?" मास्तरांनी विचारलं.

"त्यांना दिसेना हो," मालक म्हणाले. "मागे घेताना माझीच गाडी दोनदा ठोकली. बीपीचं मी काही म्हणालोच नाही. ते त्यांनीच सगळ्यांना सांगितलं. चष्म्यापेक्षा बीपी जरा भारदस्त वाटतं म्हणून."

काचेपलीकडे रिव्हर्समास्तर कुणाचा तरी फोटो नाकाला लावून कापत होते. मास्तर परत आले ते माझ्या काउंटरवर कपाळ टेकवून बराच वेळ उभे राहिले. मी त्यांना पाणी दिलं. हसायचं मी घरी जाऊन हसले.

गेल्या वर्षी मास्तरांचे थोरले भाऊ चार दिवसांसाठी राहायला आले. वय सदुसष्ट, दवाखान्याची पायरी कधी चढलो नाही, याचा फार अभिमान. तिसऱ्या दिवशी सकाळी बटणं लावताना त्यांची बोटं जरा अडखळली. मास्तरांनी बघितलं, दादांचा दंड धरला आणि त्यांना घरच्या चपलांवरच माझ्याकडे आणलं. दादा वाटभर ओरडत होते. आकडा दोनशेच्या वर निघाला. मी डॉक्टरांना फोन लावला आणि दहा मिनिटांत दादांना इस्पितळात पाठवलं, मास्तर सोबत. दादा नऊ दिवस तिथे होते. वाचले, हात-पाय शाबूत आहेत, फक्त महिनाभर मास्तरांकडेच राहिले आणि बटणं वहिनी लावून द्यायच्या.

परवा दादांचा मला फोन आला होता. तब्येत उत्तम आहे म्हणाले, गोळ्या चालू आहेत. आणि त्या दिवशी तुमचं मशीन बिघडलेलं होतं, हे त्यांनी मला पुन्हा एकदा सांगितलं.